निगेटिव्हपासून प्रिंटपर्यंत

कृष्णधवल फिल्मवरील छायाचित्रणाचा छंद जोपासणाऱ्याच्या दृष्टीने कॅमेऱ्याची कळ दाबल्यावर निम्मेच काम होते. उरलेले निम्मे डार्करूममध्ये, म्हणजे प्रकाशबंद खोलीत, कागदावर प्रिंट काढताना पूर्ण होते. या पद्धतीचा पाया इंग्लंडमधील विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी घातला. त्यांनी १८४१ साली जाहीर केलेल्या कॅलोटाइप पद्धतीमुळे एका निगेटिव्हवरून, म्हणजे उजळ भाग काळा आणि गडद भाग फिका दाखवणाऱ्या उलट प्रतिमेवरून, अनेक प्रती काढणे शक्य झाले. मुंबईतही या कलेला लवकरच हौशी साधक लाभले आणि १८५४ साली तेथे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली.

फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. त्यांच्यावर प्रकाश पडला की डोळ्यांना न दिसणारी ‘सुप्त प्रतिमा’ उमटते. डेव्हलपर हे द्रावण प्रकाश लागलेल्या स्फटिकांचे काळ्या धातुरूप चांदीत रूपांतर करते, सौम्य आम्लाचा स्टॉप बाथ ती क्रिया थांबवतो आणि फिक्सर उरलेले क्षार विरघळवून प्रतिमा टिकाऊ करतो. फिक्सरसाठी वापरले जाणारे सोडियम थायोसल्फेट छायाचित्रकारांत ‘हायपो’ या नावाने ओळखले जाते आणि त्याचा हा गुणधर्म जॉन हर्शेल यांनी १८१९ सालीच नोंदवला होता. डेव्हलपरचे तापमान सामान्यतः २० अंश सेल्सिअस राखतात; महाराष्ट्रातील उन्हाळ्यात नळाचे पाणी याहून बरेच गरम असल्याने द्रावणाच्या बाटल्या बर्फाच्या पाण्यात ठेवाव्या लागतात. गडद भागांतील तपशील फोटो घेताना दिलेल्या प्रकाशावर ठरतो, तर उजळ भागांची घनता मुख्यतः डेव्हलपरमधील वेळेवर ठरते. म्हणूनच फोटो घेताना कमी पडलेला प्रकाश नंतर फिल्म डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवून भरून काढता येत नाही.

प्रिंट काढताना एनलार्जर हे यंत्र निगेटिव्हमधून प्रकाश सोडून मोठी प्रतिमा संवेदनशील कागदावर पाडते. बहुतेक फिल्म सर्व रंगांच्या प्रकाशाला संवेदनशील असल्याने ती डेव्हलप करण्याच्या टाकीत पूर्ण अंधारातच भरावी लागते. कागदाला मात्र तांबडा प्रकाश जवळजवळ बाधत नाही, त्यामुळे सेफलाइटच्या, म्हणजे तांबड्या दिव्याच्या, मंद उजेडात डेव्हलपरच्या ट्रेमध्ये प्रतिमा उमटताना पाहता येते. प्रथम कागदाच्या एका पट्टीवर ५, १०, १५, २० सेकंद असा वाढता प्रकाश देऊन योग्य वेळ ठरवतात. त्यानंतर काळवंडू पाहणारा चेहरा उजळ ठेवण्यासाठी त्या भागावर हाताची सावली धरतात, याला डॉजिंग म्हणतात, आणि फिके पडलेले आकाश गडद करण्यासाठी तेवढ्याच भागाला जादा प्रकाश देतात, याला बर्निंग म्हणतात. अमेरिकन छायाचित्रकार अँसल अ‍ॅडम्स यांनी निगेटिव्हला संगीताच्या स्वरलिपीची आणि प्रिंटला प्रत्यक्ष वादनाची उपमा दिली, ती याच कारणाने. एकाच निगेटिव्हवरून दोन जाणकार दोन निराळ्या भावांची चित्रे काढू शकतात आणि ती दोन्ही खरी ठरतात.

या छंदासाठी मोठी खोली लागत नाही. खिडकी नीट बंद करता येणारी न्हाणी पुरते. हवा खेळती असावी, रसायने मुलांच्या हाती लागू नयेत, आणि वापरलेल्या फिक्सरमध्ये विरघळलेली चांदी जलचरांना घातक असल्याने तो गटारात न ओतता चांदी परत मिळवणाऱ्या व्यावसायिकाकडे द्यावा. नवशिक्याने आरंभी एकच फिल्म, एकच डेव्हलपर आणि एकाच प्रकारचा कागद वापरावा आणि प्रत्येक प्रिंटमागे सेकंदांची नोंद लिहावी, म्हणजे चित्रातील प्रत्येक फरकाचे कारण त्याला स्वतःलाच सापडू लागेल.