भागो, भागम्मा आणि भागूबाई

बिदरपासून दहा-अकरा किलोमीटरवर जनवाडा आहे. कन्नड, मराठी, दखनी असं सगळंच कानावर पडावं असा हा मुलूख. पण गावातलं एक ठाणं पंजाबी बाईचं. गुरुद्वारा तप अस्थान माई भागो. ही भागो अमृतसरजवळच्या झबाल गावची. आनंदपूरच्या वेढ्यात उपासमारीला कंटाळून चाळीस शीख ‘आम्ही तुमचे शिष्य नाही’ असा बेदावा गुरू गोविंदसिंगांना लिहून देऊन घरी परतले होते. परंपरा सांगते, की हिने त्यांची लाज काढली, स्वतः हत्यार उचललं आणि त्यांना माघारी वळवलं. १७०५ साली खिद्राण्याच्या तळ्याकाठी ते मोगल फौजेला भिडले. चाळिसच्या चाळीस कामी आले. गुरूंनी बेदावा फाडला, तळ्याला मुक्तसर हे नाव पडलं. जखमी भागो वाचली, पुरुषी पोशाखात गुरूंची अंगरक्षक झाली आणि त्यांच्याबरोबर नांदेडला आली. १७०८ मध्ये गुरू गेल्यावर ती आणखी दक्षिणेला सरकली, जनवाड्यात राहिली. तिचा शेवटही इथलाच.

आता तिचं नाव मराठी कानाने ऐका. आपल्याकडे ‘भागूबाई’ म्हणतात कुणाला? तोंडाने शूर आणि वेळ आली की शेपूट घालणाऱ्या गड्याला! हिंदीवाल्याला तर ‘भागो’ म्हणजे सरळ ‘पळा’ असंच ऐकू येणार. पळून आलेल्यांना रणात परत नेणाऱ्या बाईच्या नावाची दोन शेजारी भाषांनी अशी चेष्टा करावी!

खरं नाव भाग कौर. भाग म्हणजे वाटा, आणि त्यातूनच नशीब: जे वाट्याला येतं ते भाग्य. वेदांत ‘भग’ नावाचा एक आदित्यच आहे. ज्याचा त्याचा वाटा देणारा तो देव. भगवान, भक्त ही सगळी त्याच घरची मंडळी. भगिनीसुद्धा, आणि भगिनीवरून आलेली आपली बहीणही. म्हणजे बहिणाबाई हे नाव उच्चारताना आपण नकळत त्या वाटा देणाऱ्या देवाचं नाव घेतो. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा घटकाभर सुचेनाच काही.

वाट पुढे इराणात जाते. फारसीतलं ‘बख्त’ याच घरचं. बख्तावर हे मुलीचं नाव तिथलंच. आणि चिडून आपण ज्याला कमबख्त म्हणतो त्याचा भाग फक्त कमी पडलेला असतो. जुन्या फारसीत ‘बग’ म्हणजे देव. बगदाद म्हणजे ‘देवाने दिलेलं’ असं बहुतेक अभ्यासक मानतात. स्लाव भाषांमध्ये देवाला ‘बोग’ म्हणतात, आणि बल्गेरियात मुलीचं नाव असतं बोग्दाना. अर्थ तोच, देवाने दिलेली. एक शहर आणि एक मुलगी, एकाच साच्यातली! चेक लेखिका बोझेना नेम्त्सोवा हिच्या नावातही तोच ‘बोग’ आहे.

रोमन लोकांनी शब्द निराळा घेतला, नवस मात्र तोच. फेलिसिटास आणि फॉर्च्युनाटा, दोघी नशीबवान. अरबीतली सईदाही तशीच.

जनवाड्याच्या आसपास मात्र ‘भाग’ला फार लांबून यावं लागलं नाही. कलबुर्गी जिल्ह्यात भीमेकाठी घत्तरगीला भाग्यवंतीचं देऊळ आहे. लोक तिला भागम्मा म्हणतात. एकाच मुलखात कुणी भागम्मा, कुणी भागव्वा, कुणी भागाबाई, नात शाळेत भाग्यश्री. मराठीत यात आणखी एक सरमिसळ होते. आपली भागू पुष्कळदा मूळची भागीरथी असते, भगीरथाने आणलेली गंगा. हाक मारताना नदी आणि नशीब एक होऊन जातात. इथे नावाचं धड एक आणि शेपूट भाषेगणिक बदलतं. बाई लागलं की मराठी घर, अम्मा किंवा अव्वा लागलं की कन्नड, बी लागलं की दखनी. शीख नावात तर हे शेपूट फारच कामाचं, कारण तिथे मुलगा-मुलगी दोघांना एकच नाव चालतं. पुढे सिंग की कौर, यावर काय ते कळतं.

पण सगळ्याच मुलींच्या नावात वाटा मागितलेला नसतो. साताऱ्यात २०११ साली ‘नकुशा’, ‘नकोशी’ अशा नावांच्या अडीचशेहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली. तुर्कस्तानात येतेर म्हणजे ‘पुरे’, चीनमध्ये झाओदी म्हणजे ‘धाकट्या भावाला बोलावून आण’. मुलगा व्हावा म्हणून हजारो मैलांवरच्या बापांना हीच युक्ती सुचावी, याचं नवल वाटतं आणि रागही येतो.

या नावांवर उतारा म्हणून सरकारांनी काय शोधलं? कर्नाटकाने मुलींसाठी ‘भाग्यलक्ष्मी’ योजना काढली, महाराष्ट्राने २०१६ मध्ये ‘माझी कन्या भाग्यश्री’. सीमेवरून दोघांचं कधी जमलं नाही, पण लेकीचं नाव ठेवायची वेळ आली तेव्हा दोघांनाही ‘भाग’च आठवला.