बीपीच्या आकड्यामागची धमनी

सोनोग्राफी म्हटले की आपल्याकडे आधी गरोदर बाई डोळ्यांसमोर येते. पण तोच प्रोब गळ्यावर टेकवला तर बीपीच्या रुग्णाची धमनी किती ताठरली आहे हे कळते. सांगवी फाट्याजवळच्या औंध जिल्हा रुग्णालयात बीपीची गोळी न्यायला येणाऱ्या माणसाच्या कानावर ही तपासणी निदान पडायला हवी, असे मला मनापासून वाटते.

दंडाचा पट्टा त्या घडीचा दाब सांगतो. वर्षानुवर्षे दाब सोसून धमनीच्या भिंतीचे काय झाले, ते त्याला कळत नाही. भिंतीतले इलॅस्टिन ताणते आणि पुन्हा आकसते. दिवसाला लाखभर ठोके झेलून ते झिजते, मोठेपणी फारसे नव्याने तयार होत नाही, आणि भार ताठ कोलॅजेनवर येतो. मग नाडीची लाट वेगाने धावते, लवकर परतते आणि वरचा दाब आणखी चढवते. उतारवयात वरचा आकडा वाढत असताना खालचा उतरतो, तो बराचसा यामुळेच.

मोजणी अशी. रुग्णाला उताणे झोपवून दहाएक मिनिटे शांत पडू द्यायचे, मग गळ्याला जेल लावून प्रोब धरायचा. शरीरात ध्वनी सेकंदाला सुमारे 1,540 मीटर जातो. धमनीच्या पुढच्या आणि मागच्या भिंतीवरून येणाऱ्या प्रतिध्वनींतल्या अंतरावरून तिचा व्यास निघतो. समजा, दोघांचा दाब 140/90 आणि व्यास 6.5 मिलिमीटर. एकाची धमनी ठोक्यागणिक अर्धा मिलिमीटर फुगते, दुसऱ्याची पाव. ताठरपणाचा बीटा निर्देशांक पहिल्याचा 6 च्या आत, दुसऱ्याचा 11 च्या वर. पट्ट्याच्या लेखी दोघे सारखेच!

महाधमनीसाठी गळा आणि जांघ अशा दोन ठिकाणी डॉपलर लावून लाटेचा वेग काढतात. युरोपीय तज्ज्ञांनी 2013 मध्ये त्याची धोक्याची रेषा सेकंदाला 10 मीटर ठरवली.

मला सर्वांत आश्वासक वाटते ते आयआयटी मद्रासचे ‘आर्टसेन्स’. ते चित्र काढतच नाही. नुसत्या प्रतिध्वनींतून धमनीच्या भिंती स्वतः ओळखते. चित्र वाचणारा तज्ज्ञ जिथे रोज नसतो, तिथे हे फार मोलाचे आहे.

एक सांभाळावे लागते. त्या क्षणी दाब जास्त असला तर धमनीही ताठ भासते, म्हणून दोन्ही नोंदी सोबतच हव्यात. चाकणची रात्रपाळी संपवून, वाटेत चहा आणि तंबाखू घेऊन आलेल्या कामगाराला थेट तपासणीच्या खाटेवर घेऊ नये. चहा-तंबाखूला निदान तीन तास होऊ द्यावेत, आणि पुढच्या खेपेला त्याच वेळी मोजावे.