आकाशांतील गर्दी व रिकामी तिजोरी

विमानतळाच्या दारांत घटकाभर उभें राहून पाहणाऱ्या माणसास असें वाटेल कीं, विमानवाहतुकीइतका भरभराटीचा धंदा दुसरा नसेल. पेट्या ओढीत चाललेलीं कुटुंबें, तपासणीपुढील लांबच लांब रांगा आणि दर कांहीं मिनिटांनीं आकाशांत झेपावणारें विमान! सन २०२४ या एका वर्षांत भारतांतल्या भारतांत १६ कोटींवर विमानप्रवासी मोजले गेले. एकच माणूस दहा वेळां गेला तर तो दहा वेळां मोजला जातो, हें खरें. तरीहि हा आंकडा लहान नव्हे. असें असतां याच धंद्यांत एकामागून एक कंपन्या बुडाल्या. दुकानांत गिऱ्हाइकांची रीघ आणि दुकानदाराचें मात्र दिवाळें, हें कोडें कसें उलगडावें?

भारतीय विमानवाहतुकीचा आरंभ मोठा उमेदीचा होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं लहानशा विमानांतून कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस टपाल आणलें व तें जुहूस उतरविलें. पुढें १९५३ मध्यें सरकारनें हा व्यवसाय आपल्या हातीं घेतला. तो कायदा रद्द होण्यास १९९४ साल उजाडावें लागलें. खाजगी कंपन्या त्याच्या थोड्या आधींपासूनच उतरल्या होत्या. पण ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त हीं नांवें शतक संपण्यापूर्वींच पुसलीं गेलीं. २००३ मध्यें एअर डेक्कननें स्वस्त तिकिटाचा पायंडा पाडला व मध्यम वर्गास विमानाची पायरी चढविली. परंतु तीहि कंपनी स्वतंत्र राहूं शकली नाहीं. किंगफिशरचीं विमानें २०१२ मध्यें थांबलीं, जेट एअरवेजचीं २०१९ मध्यें आणि गो फर्स्टचीं २०२३ मध्यें. कर्जानें वांकलेली एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजीं सरकारकडून पुन्हां टाटांच्याच हातीं गेली.

याचें पहिलें कारण मालाच्या जातींत आहे. मंडईंतील भाजीवाला दिवस कलला कीं उरलेली मेथी पडेल भावानें विकून टाकतो. कारण सकाळीं ती कोणी घेणार नाहीं. विमानांतील जागा ही त्या मेथीहून नाशवंत. विमानानें जमीन सोडली कीं रिकाम्या जागेचें मोल शून्य. वैमानिकाचा पगार, विमानाचें भाडें, उतरण्याचें शुल्क हा खर्च मात्र जागा भरो वा न भरो, सारखाच होतो. म्हणून कांहींतरी हातीं लागावें या हेतूनें प्रत्येक कंपनी शेजारणीहून दर उतरविते, आणि सर्वांनीं दर उतरविले कीं कोणाचाच खर्च भागत नाहीं.

दुसरें कारण खर्चाचें. विमानाचें इंधन हा त्यांतील सर्वांत मोठा भाग. २०१७ मध्यें वस्तु व सेवा कर आला, तेव्हां हें इंधन त्याबाहेर ठेवण्यांत आलें. त्यामुळें राज्याराज्यांचा निरनिराळा विक्रीकर त्यावर बसतो. मुंबई-पुण्यास तो शेंकडा २५ होता. महाराष्ट्र सरकारनें २०२३ मध्यें तो शेंकडा १८ वर आणला. शिवाय बहुतेक विमानें भाड्यानें घेतलेलीं असतात आणि तें भाडें डॉलरांत द्यावें लागतें. प्रवासी देतो रुपये, कंपनी मोजते डॉलर. रुपया घसरला कीं एकहि विमान न वाढतां खर्च वाढतो.

यांतून एक गोष्ट घडली व तिचा संबंध थेट श्रोत्यांच्या घराशीं आहे. दुबळे गेले आणि दोनच बलाढ्य उरले. देशांतील दर १० विमानप्रवाशांपैकीं सुमारें ९ आज इंडिगो व एअर इंडिया या दोन समूहांकडे जातात. त्यांतहि सहांहून अधिक एकट्या इंडिगोकडे. नव्या कंपनीस शिरकाव सोपा नाहीं. मुंबईच्या जुन्या विमानतळावरील दोन धांवपट्ट्या एकमेकींस छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळीं वापरतां येत नाहींत. सोयीच्या वेळा जुन्यांनींच व्यापलेल्या असतात. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून वाहता झाला, तेव्हां या कोंडीस थोडी वाट मिळाली.

दोघांवरच विसंबण्याचा अर्थ काय, तें त्याच डिसेंबरच्या आरंभीं दिसलें. वैमानिक थकलेला असूं नये म्हणून त्यास आठवड्यास सलग ४८ तास विश्रांति द्यावी, रात्रीं उतरण्याच्या खेपा कमी कराव्या, असे नियम टप्प्याटप्प्यानें लागू झाले होते. ते अगदीं योग्य होते. परंतु इंडिगोजवळ त्यांस पुरतील इतके वैमानिक नव्हते. ५ डिसेंबर रोजीं एका दिवसांत तिचीं हजारांहून अधिक उड्डाणें रद्द झालीं. कोणी लग्नघरीं पोंचला नाहीं, कोणाची परीक्षा हुकली, कोणी विमानतळाच्या फरशीवर रात्र काढली. इतर कंपन्यांचे दर भडकले व सरकारला दरांवर मर्यादा घालावी लागली. आणि सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, वाहतूक सुरळीत व्हावी म्हणून विश्रांतीच्या त्या नियमांतूनच कंपनीस तात्पुरती सूट द्यावी लागली. जो इतका मोठा झाला कीं त्याच्यावांचून चालत नाहीं, त्याच्यापुढें नियमासहि नमावें लागतें.

स्वस्त तिकीट वाईट नव्हे. ज्या घरांतील आजीनें कधीं विमान जवळून पाहिलें नव्हतें, ती आज दोन तासांत नातवाकडे पोंचते, तें स्वस्ताईमुळेंच. परंतु इंधनावरील कर समान व माफक करणें, नव्या कंपन्यांस विमानतळावर जागा राखणें, आणि कंपनी बंद पडली तर आगाऊ भरलेले पैसे प्रवाशास परत मिळतील अशी तजवीज ठेवणें, या गोष्टी झाल्या नाहींत तर ती स्वस्ताई टिकणार नाहीं. अर्थव्यवस्था वाढते तसे प्रवासी वाढतातच. त्यांस नेणारे वाढविणें हें मात्र आपोआप होत नाहीं. तिकिटाचा भाव पाहतांना, तो भाव देणारे किती जण उरले आहेत, हेंहि सुजाण प्रवाशानें मोजीत असावें.