रेणूंचा राखीव पाट
विहिरीच्या पाण्यात अंशमात्र शिरलेले फवारणीचे औषध ना रंगाने कळते, ना वासाने. कापूस पिकविणाऱ्या आम्हां पूर्णेकरांना ही काळजी जिवाची! रसायनज्ञांची त्यावरची युक्ती मोठी गमतीची आहे. हव्या त्या रेणूंभोवती प्लॅस्टिकसारखे बहुवारिक घडवायचे, मग ते रेणू धुऊन काढायचे. मागे उरतात त्यांच्याच मापाचे खळगे. जणू राखून ठेवलेले पाट! पंक्तीला कितीही गर्दी होवो, तिथे बहुधा तोच पाहुणा बसतो. १९७२ साली जर्मनीत गुंटर वुल्फ यांनी ही वाट दाखविली. १९९३ मध्ये स्वीडनच्या क्लाऊस मोसबाख व सहकाऱ्यांनी दम्यावरचे थिऑफिलीन आणि चहातले कॅफीन, ही जुळी शोभावीत अशी भावंडे, याच रीतीने वेगळी ओळखली. फवारणीच्या काही औषधांसाठीही असे पाट प्रयोगशाळांत मांडून झाले आहेत. आता त्यांतला एखादा आमच्या विहिरीच्या काठी मांडला जावा!