मूत्रपिंडांची काटकसर

मूत्रपिंडे म्हणजे शरीरातील घाण बाहेर टाकणारी गाळणी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. प्रौढ माणसाच्या दोन मूत्रपिंडांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. मूत्र मात्र साधारण दीड लिटरच तयार होते. उरलेला सारा द्रव रक्ताला परत मिळतो. टाकण्यापेक्षा राखण्याचे हे कार्य कितीतरी मोठे आहे.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख वृक्काणू असतात. वृक्काणूच्या आरंभी सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. रक्ताच्या दाबामुळे त्यातून पाणी, क्षार, साखर, युरिया आदी पदार्थ नलिकेत उतरतात; रक्तपेशी व बहुतेक प्रथिने रक्तातच राहतात. नलिकेच्या पहिल्या भागातच जवळजवळ दोन तृतीयांश पाणी व मीठ आणि निरोगी अवस्थेत बहुतेक सर्व साखर रक्तात परत घेतली जाते. यालाच पुनःशोषण म्हणतात. या शक्तीलाही मर्यादा आहे. रक्तातील साखर दर १०० मिलिलिटरमागे साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ती मूत्रात उतरू लागते. मधुमेहात लघवीत साखर सापडते ती यामुळेच.

नलिकेच्या अखेरच्या भागात किती पाणी वाचवावयाचे, हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून येणारे संप्रेरक ठरविते. उन्हात राबणाऱ्या मजुराची लघवी थोडी व गडद होते, ती याच काटकसरीमुळे. तथापि, दिवसाकाठी निदान अर्धा लिटर मूत्र बाहेर पडल्याखेरीज टाकाऊ पदार्थांचा पुरेसा निचरा होत नाही.

काही पदार्थ नलिकेच्या पेशी रक्तातून उचलून थेट मूत्रात सोडतात. जादा आम्ल, पोटॅशियम व अनेक औषधे अशी बाहेर पडतात. १९४१ साली ऑक्सफर्ड येथे एका रुग्णावर पेनिसिलिनचा प्रयोग झाला, तेव्हा औषधाचा साठा इतका तुटपुंजा होता की, रुग्णाच्या लघवीतून पेनिसिलिन वेगळे काढून ते त्याला पुन्हा टोचण्यात आले. मूत्रपिंडे हे औषध किती झपाट्याने बाहेर टाकतात, याचा हा बोलका पुरावा होय.

अशी ही यंत्रणा बिघडू लागली तरी प्रारंभी वेदना होत नाहीत. दीर्घकाळचा मधुमेह व उच्च रक्तदाब ही बिघाडाची प्रमुख कारणे आहेत. म्हणून अशा रुग्णांनी रक्ताची व लघवीची तपासणी वेळोवेळी करून घेणे अगत्याचे आहे. शरीरातील पाणी कमी झाले असता वेदनाशामक गोळ्या मनाने घेणेही घातक ठरू शकते.

कामाच्या ठिकाणी पिण्याचे पाणी व सावली, शाळेत पाण्याबरोबरच मुलींसाठी स्वच्छतागृह, या सोयी साध्या वाटतात. परंतु शौचालयाच्या अभावी दिवसभर पाणी न पिणारी मुलगी आणि तहान मारून खणणारा मजूर, या दोघांच्याही मूत्रपिंडांवर त्या अभावाचा भार पडत असतो. हा भार हलका करणे गावाच्या हाती आहे.