बीज अडतं कुठे?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘पॉलिसिस्टिक ओव्हरीज’ असं दिसलं की घरात पहिला प्रश्न येतो, ऑपरेशन करून गाठी काढाव्या लागतील का? नाही. अंडाशयाच्या कडेने दिसणारे ते काळे ठिपके म्हणजे अर्धवट वाढून थांबलेले बीजकोश. एरवी दर महिन्याला काही कोश वाढू लागतात, त्यांतला एक पुढे जाऊन फुटतो आणि बीज बाहेर पडतं. पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोममध्ये, म्हणजे पीसीओएसमध्ये, कित्येकदा असा एक पुढे जातच नाही. सगळे २ ते ९ मिलिमीटरपाशी थबकतात.

ते का थबकतात, हे कळायला इन्सुलिनकडे पाहावं लागतं. पीसीओएस असलेल्या बऱ्याच जणींचे स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते जास्त सोडतं. अंडाशय मात्र या वाढीव इन्सुलिनला पुरेपूर दाद देतं. त्यात पिट्युटरी ग्रंथीतून येणाऱ्या एलएच संप्रेरकाचा जोर मिळाला की अंडाशयात टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरकं जास्त बनतात. शिवाय टेस्टोस्टेरॉनला रक्तात बांधून ठेवणारं प्रथिन यकृत बनवतं, तेही इन्सुलिनमुळे घटतं. मग हनुवटीवर राठ केस, हट्टी मुरमं, टाळूवर विरळ होणारे केस आणि दोन-दोन महिने पुढे जाणारी पाळी. मानेवरचा मखमली काळा पट्टाही बहुधा इन्सुलिनचीच खूण असते. तो मळ नव्हे. मुलीची मान घासू नका, तिची साखर तपासा. आणि हे बारीक अंगाच्या मुलींनाही होतं.

निदानासाठी २००३ साली रॉटरडॅमला ठरलेले निकष आजही पाया आहेत: अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचा अतिरेक आणि सोनोग्राफीतली अंडाशयं, या तिन्हींपैकी दोन हवेत. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनचे दोष आधी वगळायचे. पाळी येऊन आठ वर्षं झाली नसतील तर सोनोग्राफीवर विसंबू नये. त्या वयात निरोगी अंडाशयंही तशीच दिसतात.

‘लग्न झालं की सगळं सुरळीत होईल’ हा सल्ला मला घातक वाटतो. बीज सुटलं नाही की गर्भाशयाचं अस्तर पाळीवाटे वेळेवर पडत नाही, साठत राहतं, आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर कर्करोगाचा धोका वाढतो. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. गर्भनिरोधक गोळ्या अविवाहित मुलीला दिल्या म्हणून घरात कुजबुज होते. पण त्या अस्तराचं रक्षण करतात, पाळी नियमित ठेवतात आणि केस-मुरमंही कमी करतात. मात्र मायग्रेन, रक्तदाब किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास डॉक्टरांना आधी सांगावा. मेटफॉर्मिन इन्सुलिनच्या बाजूने काम करतं. मूल हवं असेल तेव्हा लेट्रोझोल हे बीज सुटण्यासाठीचं पहिलं औषध, आणि अनेकींना त्याने दिवस राहतात. मूल नको असेल तर मात्र ‘मला पीसीओएस आहे’ या भरवशावर राहू नये; बीज अधूनमधून सुटतंच.

खाण्यात कुठला एकच आहार श्रेष्ठ ठरलेला नाही. ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, दही हे आपलं नेहमीचं ताट चांगलं आहे; गोड चहाचे कप आणि बिस्किटं कमी करावीत. वजन जास्त असेल तर ५ टक्के उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी सुधारते. चालण्याबरोबर आठवड्यातून दोन दिवस वजनं उचलावीत, कारण इन्सुलिनमुळे शोषली जाणारी साखर सर्वांत जास्त स्नायूच घेतात. रक्तातली साखर दर १ ते ३ वर्षांनी तपासावी, शक्यतो ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन. नुसत्या उपाशीपोटीच्या तपासणीत दोष निसटू शकतो. त्याच भेटीत मन उदास राहतं का, झोप लागते का, हेही डॉक्टरांशी बोलावं. नैराश्य या आजारात जास्त आढळतं आणि त्यावरही उपचार आहेत.