डंखाची रांग आणि आभाळातले जिवाणू

एप्रिल-मे महिन्यात लालबागच्या मसाला गल्लीत या, म्हणजे सावधपणा कशाला म्हणतात ते कळेल. मिरच्या भाजून झाल्या की बायका डंखापाशी अगदी ठाण मांडून उभ्या. आधीच्या बाईचा मसाला आत राहिला तर आपला बिघडणार, म्हणून "दादा, आधी पुसून घ्या हो" हा घोषा चाललेला. घरी आणल्यावर बरणी उन्हात खडखडीत वाळवायची. पाण्याचा थेंब राहिला की बुरशी आलीच.

मैत्रिणींनो, असाच पण शंभर पट कडक सोवळेपणा 20 एप्रिल 2005 रोजी हैदराबादला पाळला गेला. डॉ. जयंत नारळीकर त्या प्रयोगाचे प्रमुख होते. प्रश्न एवढाच, की पृथ्वीच्या बाहेरून सूक्ष्म जीव आपल्याकडे येतात का? नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉईल म्हणायचे, धूमकेतूंबरोबर असे जीव येत असावेत. पुष्कळांनी ते हसण्यावारी नेलं. नारळीकरांनी मात्र तपासून पाहायचं ठरवलं. 2001 साली एकदा हवा आणली होती, ही पुढची खेप.

एक अवाढव्य फुगा सोडला. त्याच्याखाली 459 किलोचं सामान, त्यात स्टीलची 16 नळकांडी. आतली हवा काढून घेतलेली आणि पूर्ण निर्जंतुक केलेली. ती द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेली होती. त्या भयंकर थंडीमुळे तोंड उघडलं की बाहेरची हवा आपसूक आत ओढली जायची. 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा घेऊन नळकांडी पॅराशूटने खाली उतरली. एका प्रयोगशाळेवर विसंबायला नको म्हणून हैदराबाद आणि पुणे अशा दोन ठिकाणी तपासणी झाली.

निकाल 2009 च्या मार्चमध्ये जाहीर झाला. जिवाणूंच्या 12 आणि बुरशीच्या 6 वसाहती मिळाल्या. बहुतेक आपल्या ओळखीतल्याच निघाल्या, पण तीन जिवाणू अगदी नवे! सूर्याच्या अतिनील किरणांनाही ते दाद देत नव्हते. एकाला हॉईल यांचं नाव दिलं, एकाला इस्रोचं, तिसऱ्याला आर्यभटाचं.

परळच्या आमच्या महिला मंडळात हे सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "मग आले का ते बाहेरून?" खरं उत्तर असं, की सिद्ध झालं नाही. इथूनच वर गेले असतील. जाहीर करतानाच शास्त्रज्ञांनी तसं सांगून टाकलं होतं. बायका जरा हिरमुसल्या. मला मात्र हेच आवडतं. एवढा खटाटोप करून "ठाऊक नाही" म्हणायला छाती लागते.

(नारळीकर पती-पत्नी बरीच वर्षं कुलाब्यात राहिले. मंगलाताईंनी तीन मुली सांभाळून 1981 साली गणितात पीएचडी केली, हेही मंडळात आवर्जून सांगितलं. 2023 मध्ये त्या गेल्या आणि 2025 च्या मे महिन्यात नारळीकर.)

मंगळावरही हेच चाललंय. अमेरिकेच्या पर्सिव्हरन्स गाडीने 2024 साली तिथल्या एका ठिपकेदार खडकाचा तुकडा नळीत भरला. तसे ठिपके सूक्ष्म जीवांमुळे पडू शकतात, नुसत्या रसायनांमुळेही पडू शकतात, असं 2025 च्या सप्टेंबरमध्ये जाहीर झालं. नळी अजून मंगळावरच आहे. आणायचा खर्च डोळे पांढरे करणारा.

मंगळाचं नाव निघालं आणि मागे बसलेल्या एक वहिनी म्हणाल्या, "आमच्या मुलीला मंगळ आहे, दोन स्थळं परत गेली." मुलगी बी.कॉम., बँकेत नोकरी. मग सगळी सभा तिकडेच वळली. मी त्यांना नारळीकरांचाच दुसरा प्रयोग सांगितला. 2008 साली पुण्यात हुशार आणि मतिमंद अशा मुलांच्या 200 कुंडल्या जमवल्या, नावं काढून ज्योतिषांना वाटल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. 27 जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर आली 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती!

वहिनींनी आकडे कागदावर लिहून घेतले. म्हणाल्या, "यांना दाखवते. रविवारी तिसरं स्थळ यायचंय, त्यांनी पत्रिका अजून मागितलेली नाही."